उत्तेजक पेये, मद्य आणि आपल्या मुलांचा संताप

(श्रीसंत नामदेव महाराज जयंतीनिमित्त जालना जिल्ह्यातील ज्ञातिबांधवांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला, तेव्हा आपले चिटणीस क्षणभर स्तब्ध राहिले आणि मग म्हणाले, “गुरुजी, विषय चांगला आहे, पण आपल्यात तो प्रश्न आहे कोठे?” त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. नामदेव महाराजांचे नाव लावणारा आपला शिंपी समाज पिढ्यान्‌पिढ्या वारी करीत आला. घरटी एक तरी तुळशीची माळ होती, आणि गळ्यात माळ पडली की मद्य व मांस सुटले, हे कोणास सांगावे लागत नव्हते. या मराठवाड्यात निजामी राजवट होती तेव्हा आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, गावोगाव शिंदीची व दारूची दुकाने होती. तरीही आपली वडीलधारी माणसे त्या दुकानांवरून मान खाली घालून पुढे जात. हे सर्व खरे आहे. परंतु आजोबांच्या गळ्यातील माळ नातवाच्या गळ्यात आपोआप येत नाही. आपला मुलगा ज्या शाळेत जातो, ज्या शिकवणीच्या वर्गात बसतो, ज्या वरातीत नाचतो, तेथे तो शिंप्याचा म्हणून निराळा काढला जात नाही. प्रश्न आपल्यातही आला आहे. तो दारूच्या बाटलीतून आला नाही, निराळ्याच बाटलीतून आला, म्हणून आपल्या ध्यानात आला नाही, एवढेच.

ती बाटली आपण सर्वांनी पाहिली आहे. लाल, निळ्या वा पिवळ्या रंगाची, पाव लिटरची, वीस रुपयांच्या नोटेत येणारी. मुले तिला ‘एनर्जी’ म्हणतात. शाळेच्या फाटकासमोरील टपरीवर ती गोळ्या-बिस्किटांच्या शेजारी उभी असते. कित्येक माता ती सरबत समजून आठवीतील मुलाला स्वतः घेऊन देतात. कारण तिच्यावर ना दारूचे नाव, ना तंबाखूचे चित्र. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत काय छापलेले असते ते मात्र कोणी वाचीत नाही. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली या पेयांसाठी नियम घातले. त्यांनुसार एक लिटर पेयात कॅफीन १४५ मिलिग्रॅमहून कमी नसावे व ३०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक पिऊ नये असे लिहावे. आणि मुलांनी, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच ज्यांना कॅफीन सोसत नाही अशांनी ते घेऊ नये, हेही लिहावे. म्हणजे जे पेय मुलांनी घेऊ नये असे त्याच्या अंगावरच छापलेले आहे, ते शाळेच्या फाटकासमोर मुलांनाच विकले जाते. जुलै २०२४ मध्ये राज्याचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितले होते की, शाळांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीस बंदी करणारा आदेश काढण्यात येईल. सरकारचे काम सरकार करील. फाटकासमोर काय मांडलेले आहे ते पाहण्यास मात्र आपणांस कोणाच्या आदेशाची गरज नाही.

आता हे कॅफीन म्हणजे काय? मी वैद्य नव्हे, मॅट्रिक होऊन मास्तरकीत आयुष्य घालविलेला मनुष्य आहे. पण ही गोष्ट आपल्या धंद्यातील उदाहरणाने चांगली समजते. शिंप्याच्या दुकानात दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आणि लग्नसराईचे दोन महिने कसे जातात हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. रात्री दोनपर्यंत यंत्र चालू, थोरला कापतो आहे, धाकटा काजे करतो आहे, बारा-चौदा वर्षांचे पोर बटणे लावते आहे, आणि कोपऱ्यात चहाची किटली. चहाने झोप जाते, पण कोठे जाते? दिवसभर मेंदू राबला की त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, आणि ते मेंदूला ‘आता थांब’ असा निरोप देते. कॅफीन त्या निरोपाची वाट अडवून बसते. थकवा जागच्या जागी असतो, फक्त तो कळत नाही. सावकार दारात उभाच आहे, आपण आतून कडी लावली, इतकेच. कडी निघाली की तो व्याजासह आत येतो. म्हणून आपल्या दुकानांतून भाऊ-भाऊ आणि मालक-कारागीर यांची भांडणे होत ती बहुधा नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री होत. कात्री आपटली जाई, कपडा भिरकावला जाई, पोराच्या थोबाडीत बसे. त्या रात्री कोणी दारू प्यालेला नसे. आठ रात्रींची झोप उसनी घेतलेली असे.

चहाची मी निंदा करीत नाही. तो मीही घेतो, आणि या सभेपूर्वीही आपण सर्वांनी घेतला. आपल्या घरचा एक लहान कप चहा घेतला तर त्यात साधारण तीस-चाळीस मिलिग्रॅम कॅफीन असते, आणि तो गरम असल्यामुळे घोट-घोट प्यावा लागतो. त्या थंड बाटलीत नियमाप्रमाणे पंचाहत्तर मिलिग्रॅमपर्यंत असू शकते, आणि तहानलेला मुलगा ती एका दमात संपवितो. युरोपातील अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ साली असे मत दिले की, मुलांनी दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतले तर चिंता नाही. आपला नववीतला मुलगा चाळीस किलोंचा धरा. त्याची मर्यादा १२० झाली. दोन बाटल्यांत तो दीडशेपर्यंत जातो. घरचा चहा निराळा. शिवाय या द्रव्याचा निम्मा अंश शरीरातून जावयास सुमारे पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेल्या बाटलीचा अर्धा भाग एक वाजताही रक्तात फिरत असतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी असे निद्राशास्त्राचे जाणकार सांगतात. आपली मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला वा छत्रपती संभाजीनगरला खोल्या करून राहतात, रात्र-रात्र जागतात, आणि आईबाप फोनवर कौतुकाने विचारतात, “किती वाजेपर्यंत जागलास?” किती वाजता निजलास, हे कोणी विचारीत नाही. मग सुटीत घरी आलेला मुलगा ताटावरून उठून जातो, बहिणीवर ओरडतो, मोबाईल भिंतीवर फेकतो, आणि आपण म्हणतो की शहरात जाऊन बिघडला.

या बाबतीत आइसलँड नावाच्या लहानशा देशात पंधरा-सोळा वर्षांच्या हजारो शाळकरी मुलांची पाहणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. जी मुले अधिक कॅफीन घेत होती त्यांच्यात मारामारी आणि बेशिस्त वर्तनही अधिक आढळले. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. ज्याचे डोके मुळातच तापट आहे, ज्याच्या घरी कलह आहे, ज्यास रात्री झोप लागत नाही, तोच अशा बाटलीकडे अधिक वळत असेल, हेही संभवते. म्हणून मुलगा चिडतो तो केवळ बाटलीमुळेच, असे मी म्हणणार नाही. शेती परवडत नाही, रेडीमेड कपड्यांनी आपला धंदा खाल्ला, गुण मिळूनही प्रवेश नाही, शिक्षण होऊनही नोकरी नाही. मुलांच्या संतापास कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काही आपण वडीलधाऱ्यांनीच निर्माण केली आहेत. पण ज्या चुलीत लाकडे आधीच पेटली आहेत तिच्यावर फुंकणी मारू नये, इतके तरी कळावयास संशोधनाची आवश्यकता नाही.

आता दारूकडे वळू. मद्य हे उत्तेजक आहे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते मेंदूस मंद करणारे द्रव्य आहे. मात्र ते आधी मंद करते विवेकास. कपाळामागील मेंदूचा जो भाग ‘थांब, विचार कर’ असे सांगतो, तोच प्रथम गुंगतो. म्हणून प्यालेला मनुष्य धीट झालेला दिसतो. हा भाग माणसाच्या वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. प्रौढाच्या हातातील लगाम दारूने ढिला होतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात लगाम अजून पुरता आलेलाच नसतो. महाराष्ट्राच्या कायद्याने मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे आणि सौम्य बियरीसाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. या अटीची थट्टा करणारे लोक मला भेटतात. मला ती शहाणपणाची वाटते.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले वा वाचले असेल. लोक त्यातील तळीरामास हसतात. पण सुधाकर पहिला प्याला कोणत्या क्षणी घेतो हे पाहावे. तो बुद्धिमान व मानी वकील आहे, न्यायालयात त्याचा अपमान झाला आहे, सनद काही काळ गेली आहे, आणि ते शल्य विसरावे म्हणून तो पेला उचलतो. शेवटी त्याच हातून तान्ह्या मुलाचा व सिंधूचा घात होतो. दुखावलेला अभिमान आणि मद्य यांची गाठ पडली म्हणजे काय होते हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेविले. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात तर अभिमान दुखावण्यास न्यायालय लागत नाही. मित्राने नाचताना धक्का दिला, कोणी बहिणीचे नाव घेतले, कोणी चित्रफितीवर हसला, तेवढे पुरते.

सुधाकराच्या काळी एक गोष्ट मात्र नव्हती, आणि आज मला विशेषेकरून जे सांगावयाचे आहे ते हेच. पूर्वीचा मनुष्य फार प्यायला की झोपत असे. दारूच त्यास आडवा करी, आणि घरच्यांची त्या रात्रीपुरती सुटका होई. आता मुले त्याच लाल बाटलीतील थोडे पेय ओतून देतात आणि तिच्यात दारू मिसळतात. चव लपते, वास कमी येतो, रस्त्यात कोणी हटकले तर हातात ‘एनर्जी’ आहे. पण खरा घात पुढे आहे. कॅफीन दारूचा अंश रक्तातून तीळभरही कमी करीत नाही, ते केवळ गुंगी झाकते. मुलास वाटते, मला चढलेली नाही. म्हणून तो आणखी पितो, गाडी चालवितो, भांडतो. विवेक निजलेला आणि हातपाय जागे, अशी ती अवस्था. अमेरिकेत अशी तयार मिश्रणे डब्यांतून विकली जात, आणि महाविद्यालयीन मुले ती पिऊन रुग्णालयांत दाखल होऊ लागली. तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने १७ नोव्हेंबर २०१० रोजी चार कंपन्यांना बजावले की, मद्यात मिसळलेले हे कॅफीन सुरक्षित नाही. त्यानंतर ती मिश्रणे बाजारातून गेली. स्कॉटलंडात तर याहून विचित्र गोष्ट आहे. तेथील तरुणांत एक गोड मद्य फार चालते, त्यात कॅफीनही असते, आणि त्याची मूळ कृती इंग्लंडातील बकफास्ट मठाच्या ख्रिस्ती साधूंची! बी.बी.सी.ने जानेवारी २०१० मध्ये दाखवून दिले की, ग्लासगोच्या आसपासच्या पोलिसांकडील तीन वर्षांच्या पाच हजारांहून अधिक गुन्ह्यांच्या नोंदींत त्या मद्याचा नामोल्लेख होता, आणि शंभराहून अधिक वेळा त्याची रिकामी बाटलीच शस्त्र म्हणून वापरली गेली होती. ते मद्य त्या भागातील बेकार पोरांना प्रिय आहे म्हणून नोंदींत आले असेल, हा त्याच्या विक्रेत्यांचा युक्तिवाद मी सोडून देत नाही. तरीही तीन वर्षांत पाच हजार हा आकडा युक्तिवादाने लहान होत नाही.

दूरची उदाहरणे पुरे. आपल्याच जिल्ह्यातील एका लग्नाची हकीकत सांगतो. गाव व नावे सांगणार नाही, सभेतील काहींना ती ठाऊक आहेत. नवरदेवाचा धाकटा चुलतभाऊ, वय सतरा. मांडवाच्या कामासाठी दोन रात्री जागलेला, कामाचा मोठा उत्साही मुलगा. दिवसभर त्याने ती पेये घेतली, कारण पाहुण्यांच्या सरबराईसाठी वधुपित्याने त्यांची खोकीच आणून ठेविली होती. सायंकाळी वरातीत डी.जे.च्या गाडीमागे कोणीतरी तीच बाटली, पण भरून निराळी, त्याच्या हाती दिली. नाचताना मामेभावाचा धक्का लागला. ज्या मामेभावाबरोबर तो उन्हाळाभर एका ताटात जेवला होता, त्याच्या डोक्यात त्याने दगड घातला. अकरा टाके पडले, दैव बलवत्तर म्हणून प्राण वाचला. पोलीसपाटलाच्या ओसरीवर प्रकरण मिटले. पण मामा आणि भाचा यांचे दार अद्याप उघडलेले नाही. सकाळी त्या मुलास काय झाले ते आठवतही नव्हते. मी विचारले, “का मारलेस?” तो म्हणाला, “गुरुजी, मी तर शुद्धीत होतो.” त्यास तसे खरोखरच वाटत होते, हेच भयंकर होय.

श्रीमंतांच्या घरी हीच गोष्ट मोटारीच्या रूपाने येते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या महागड्या मोटारीखाली एक तरुण अभियंता व त्याची सहकारी तरुणी यांचे प्राण गेले. मुलाने त्यापूर्वी मद्यगृहात मद्य घेतले होते, असे पोलिसांनी सांगितले. त्याला जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले, यावर देशभर चर्चा झाली. मला निबंधाहून महत्त्वाचा वाटतो तो निराळा प्रश्न: त्यास पेला भरून दिला कोणी? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे वैद्याच्या सल्ल्यावाचून मुलास मादक पेय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरातीच्या गाडीमागे ‘घे रे, आज आनंदाचा दिवस आहे’ असे म्हणणाऱ्या काकास हे कलम ठाऊक नसते. ठाऊक करून द्यावे.

उपाय म्हणून पुष्कळांना छडी सुचते. मास्तर म्हणून छडीची आणि माझी ओळख जुनी आहे, आणि तिच्याविषयी माझे मत असे की, मारलेला मुलगा मारणेच शिकतो. ज्या आइसलँडची गोष्ट मी सांगितली, तेथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ जण मागील महिन्यात एकदा तरी दारूने धुंद झाले होते. २०१६ साली हे प्रमाण शेकडा ५ वर आले. त्यांनी काय केले? शाळेनंतरचा मुलांचा वेळ खेळ, संगीत, नृत्य यांनी भरला व त्यासाठी कुटुंबांना पैसा दिला. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहू नये असा नियम केला. आणि आईबापांनी आपसांत लेखी करार केले की, आमच्या घरी कोणाच्याही मुलास दारू मिळणार नाही. त्या देशाची लोकसंख्या आपल्या जालना जिल्ह्याच्या पाव भागाइतकीही नाही आणि संपत्ती मोठी आहे, हे मी जाणतो. परंतु आईबापांच्या कराराला सरकारी तिजोरी लागत नाही. तेवढे काम ज्ञातिसभा सहज करू शकते. लग्नाची मुलगी कोठे द्यावी यावर आपण चार पिढ्या करार करीतच आलो आहोत. आपल्या भगिनींच्या हाती तर कायद्याने आणखी एक साधन दिले आहे: २००८ सालच्या शासन-आदेशाप्रमाणे गावातील एकचतुर्थांश स्त्री-मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानाविषयी मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया आडव्या बाटलीच्या बाजूस उभ्या राहिल्या की दुकान बंद होते.

एक नाजूक गोष्ट राहिली, आणि ती टाळून मी खाली बसणार नाही. शिलाईचा धंदा बसल्यावर आपल्यातील कित्येकांनी किराणा व थंड पेयांची दुकाने घातली. त्यांत गैर काही नाही. पोट सर्वांस आहे. त्या दुकानांत शीतकपाट कंपनीचे असते आणि त्यात कोणती बाटली पुढे मांडावी हेही कंपनीच सांगते. एका बांधवाने मला स्पष्ट विचारले, “गुरुजी, मी नाही विकली तर शेजारचा विकील, मग माझेच नुकसान का?” प्रश्न रास्त आहे. म्हणून एकट्या दुकानदारावर भार टाकू नये असे माझे मत आहे. आपल्या समाजाची शाळेजवळची दुकाने मोजकीच आहेत. त्या सर्वांनी एकाच दिवसापासून गणवेषातील मुलास ही बाटली देऊ नये, आणि सभेने आपल्या लग्नांतील, मेळाव्यांतील व स्वयंसेवकांच्या सरबराईतील ही खोकी बंद करून त्याऐवजी ताक, लिंबूसरबत वा आपल्या जालन्याच्या मोसंबीचा रस ठेवावा. वरात रात्री दहापूर्वी संपवावी, आणि अठराच्या आतील स्वयंसेवकांस नऊ वाजता जेवावयास घालून घरी निजावयास पाठवावे. मंडळाच्या सभागृहाची किल्ली सायंकाळी मुलांच्या हाती द्यावी. वर्षभर ते लग्नाच्या तिथीवाचून कुलुपातच असते.

या अर्थाच्या ठरावाचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. दुकानांविषयीचा भाग ज्या बंधूंना मान्य नसेल त्यांनी तो आजच, भोजनापूर्वी, सर्वांसमक्ष बोलून दाखवावा; शब्द बदलावयाचे तर येथेच बदलू.